नानांची ट्रॉली आणि फूटभर मागे सरकलेला आख

फेब्रुवारीत, ऐन द्राक्षकाढणीत, आमची बागेतली ट्रॉली मानेतून गेली. मान म्हणजे साट्याखालून, माल ठेवायच्या सपाट तळाखालून, दांडी जिथे बाहेर पडते आणि हुकाकडे निघते ती जागा. बागेतून शेडकडे येताना आम्हाला डाव्या कालव्याची एक चारी, म्हणजे छोटा पाट, ओलांडावी लागते. आधी उतार, मग चारीवर पाइप टाकून केलेली मोरी, आणि मोरी संपते तिथून लगेच चढ. ट्रॅक्टर चढाला लागला आणि मागून घंटेवर हातोडी पडावी तसा आवाज आला. वळून पाहिलं तर ट्रॉलीचं तोंड वर उचललेलं, दांडीची कडी पिनेला खालून ओढ देत होती. ब्रेक दाबला, तसं तेच तोंड धप्पकन खाली आलं आणि दांडी मानेत वाकली. वरच्या थरातले १४ क्रेट मागच्या बाजूनं जमिनीवर गेले. एक्सपोर्टसाठी निवडलेला, थॉमसन जातीच्या द्राक्षाचा माल होता. मातीत पडलेला घड कितीही चांगला असो, तो पेटीत जात नाही.

मालाचं वाईट दोन दिवस वाटलं, मग कामाच्या गडबडीत विरून गेलं. राहिलं ते दुसरंच. पेठ तालुक्यातून दर हंगामाला आमच्याकडे बाया कामाला येतात. त्यातली एक जण त्या वेळी ट्रॉलीच्या मागून चालत होती. क्रेट तिच्यापासून चार-पाच हातांवर पडले. “काही नाही झालं दादा,” असं म्हणून तिनं पदर खोचला आणि सांडलेले घड वेचायला लागली. मला त्या रात्री झोप आली नाही. मी १४ वर्षं नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम केलंय. लोखंड एका दिवसात तुटत नाही, तुटण्याआधी बरेच दिवस ते सांगत असतं, हे मला चांगलं माहीत होतं. आणि रोज जिच्यावर टनभर माल घालतो त्या ट्रॉलीखाली मी कित्येक वर्षांत आडवा होऊन पाहिलं नव्हतं.

उरलेला हंगाम शेजारच्या मळ्यातली ट्रॉली मागून काढला. एप्रिलची छाटणी झाली, पावसाळा लागला, आणि श्रावणात कामाला जरा उसंत मिळाल्यावर मी ही ट्रॉली शेडमध्ये आडोशाला घेतली. ठरवलं होतं की दसऱ्याच्या आत ती पुन्हा उभी करायची, कारण त्यानंतर ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की लोखंडाला हात लावायला वेळ नसतो.

ही ट्रॉली मुळात ट्रॉली नव्हतीच. १९९६ साली नानांनी, माझ्या वडिलांनी, टायरची बैलगाडी करून घेतली होती. दोन चाकांना जोडणारा चौकोनी सळीचा भक्कम आख, त्यावर ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचे ६.००-१६ चे टायर, वर लाकडी फळ्यांचा साटा. पुढे बैल गेले आणि मिनी ट्रॅक्टर आला. मग गाडीच्या दांड्या कापल्या, मधोमध ७५ बाय ४० मिलिमीटरचा एक चॅनल, म्हणजे पन्हळीसारखी लोखंडी पट्टी, दांडी म्हणून जोडला, त्याच्या टोकाला कडी लावली. फळ्या काढून ३ मिलिमीटरचा पत्रा टाकला. फाळके, म्हणजे कडेच्या उभ्या भिंती, लावलेच नाहीत. बागेत तीनही बाजूंनी क्रेट चढवता यायला हवेत आणि दोन ओळींत अंतर ९ फुटांचं, त्यामुळे सपाट, अरुंद, बिनफाळक्याची ट्रॉलीच सोयीची. ९ फूट लांब, साडेचार फूट रुंद. बाजारात माल नेणारी मोठी ट्रॉली वेगळी, तिला एमएच १५ चा नंबर आहे. ही आपली मळ्यातल्या मळ्यात फिरणारी. पण वर्षभर सगळ्यात जास्त राबते ती हीच: शेणखत, खताच्या गोण्या, मांडवाचे अँगल, फवारणीची टाकी, आणि जानेवारीपासून द्राक्ष.

खोलायला घेतली तेव्हा एक गोष्ट ठरवून केली. निघालेला प्रत्येक तुकडा शेडमधल्या काट्यावर ठेवायचा आणि वजन भिंतीवर खडूनं लिहायचं. पत्रा, पट्ट्या, चॅनल, चाकं, सगळं. बेरीज आली ५१४ किलो. एवढ्याशा ट्रॉलीला ५१४ किलो! मला साडेतीनशे-चारशेचा अंदाज होता.

उत्तर पत्र्यातच होतं. एक पत्रा नव्हता, दोन होते. मधल्या काळात पहिला पत्रा गंजून भोकं पडली म्हणून त्याच्यावरच दुसरा ३ मिलिमीटरचा पत्रा घालून कडेनं वेल्डिंग मारलं होतं. त्या वेळी मी कारखान्यात होतो, काम बाहेरच्या एका वर्कशॉपमध्ये झालं होतं. एक मिलिमीटर जाडीचा, एक चौरस मीटरचा पोलादी पत्रा पावणेआठ किलोच्या जरा वर भरतो. आमचा साटा पावणेचार चौरस मीटरचा, म्हणजे ३ मिलिमीटरचा एक पत्रा ८८ किलो. दुसरा म्हणजे आणखी ८८. आणि एवढं वजन वाढवून मिळालं काय? दोन पत्र्यांच्या सापटीत पाणी. वरचा पत्रा पहारीनं उचकटला तर खालून पापुद्र्यांसारखे गंजाचे थर सुटून आले, काही ठिकाणी बोटाएवढे जाड. गंज लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो. सापटीत तो फुगतो आणि आजूबाजूचं वेल्डिंग उचलून काढतो. वरून पाहिलं तर पत्रा फक्त थोडा फुगलेला दिसायचा. आम्ही म्हणायचो, उन्हानं आलाय फुगवटा.

एका कोपऱ्यात मात्र गंजाचा रंग वेगळा होता. पुढच्या डाव्या कोपऱ्यात, आडव्या अँगलवर, तांबूस-गुलाबी झाक आणि त्याभोवती हिरवट कड. तिथे अँगल बोटानं दाबला तर मोडला. मला लगेच कळलं नाही, नानांना कळलं. ते म्हणाले, “हितं बोर्डोचा ड्रम असतो.” बरोबर. दरवर्षी डाऊनी या रोगासाठी आम्ही बोर्डो मिश्रण फवारतो, १ टक्क्याचं: १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. ते लोखंडी भांड्यात करत नाहीत हे बागाईतदाराच्या घरातल्या लहान मुलालाही माहीत असतं. मिश्रण जमलं की नाही हे पाहायला नाना अजूनही घासलेला विळा त्यात बुडवतात. पात्यावर तांबडा थर चढला तर मोरचूद मोकळा आहे, अजून चुना घाला. म्हणजे मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं आणि तेवढं लोखंड विरघळून जातं. ही परीक्षा आम्ही विळ्यावर करत होतो, आणि मोरचूद भिजवलेल्या बादलीचं पाणी ड्रममध्ये ओतताना जे सांडत होतं ते वर्षानुवर्षं ट्रॉलीच्या एकाच कोपऱ्यात झिरपत होतं. इतका रोजचा धडा, तो ट्रॉलीला लागू होतो हे आमच्या ध्यानातच आलं नाही.

मग मान. वाकलेली दांडी घासून स्वच्छ केली. तडा एका बाजूनं उघडाच दिसत होता, पण तो कुठवर गेलाय ते डोळ्यांना दिसत नव्हतं. कारखान्यात तडे पाहायला लाल रंगाचा स्प्रे येतो. त्याच्याही आधीची जुनी रीत मला आमच्या फोरमनने शिकवली होती, ती केली. जागा वायर ब्रशनं चकचकीत करायची, डिझेल चोळायचं, १५-२० मिनिटं मुरू द्यायचं, मग फडक्यानं कोरडं पुसून काढायचं. वर खडूची पूड चोळायची आणि थांबायचं. पृष्ठभाग पांढरा झालेला असतो. तड्यात मुरलेलं डिझेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्यावर एक ओली, काळसर रेघ उमटते. मी बल्ब जवळ धरून बसलो होतो. आधी दिसला तो तडा चार बोटांचा होता. खडूवर रेघ उमटत उमटत दांडीच्या खालच्या पट्टीवरून आरपार गेली आणि उभ्या अंगात अर्ध्यापर्यंत चढली. दुसरी एक रेघ, केसाएवढी, पलीकडच्या बाजूला. तिथे तर आम्हाला काही शंकाही नव्हती. थोरली लेक शेजारी उभी होती, ती नुसती “पप्पा...” एवढंच म्हणाली.

दोन्ही तडे एकाच ठिकाणाहून निघाले होते. मान कमजोर वाटली म्हणून पूर्वी त्या वर्कशॉपनं दांडीच्या खालून १० मिलिमीटर जाडीची पट्टी लावली होती आणि पट्टीच्या टोकाला, दांडीच्या आडवं, या कडेपासून त्या कडेपर्यंत जाड वेल्डिंग भरलं होतं. तडा बरोबर त्या वेल्डिंगच्या काठाला. माझ्या मते जुन्या ट्रॉल्यांची निम्मी दुरुस्ती अशीच चुकते. मोडलं तिथे जाड लोखंड लावलं की माणूस निश्चिंत होतो. पण जाड भाग लवत नाही, म्हणून सगळा लवचा ताण तो जाड भाग संपतो त्या एका रेषेवर येऊन पडतो. त्यात नेमक्या त्याच रेषेवर आडवं वेल्डिंग, म्हणजे चीर पाडायला जागा आखूनच दिली. पट्टी लावायचीच तर तिची टोकं जिभेसारखी निमुळती कापावीत, वेल्डिंग लांबीच्या दिशेनं मारावं आणि टोकाला आडवं मारूच नये. दांडीच्या खालच्या अंगाला तर नाहीच.

पण तडा का गेला हे कळलं, तरी ताण एवढा का आला ते कळत नव्हतं. टनभर माल ७५ च्या चॅनलला फार नाही, आणि आमचा ट्रॅक्टर बागेत चालतो तोही माणसाच्या चालीनं. इथे पुन्हा नाना. ते आता ७८ वर्षांचे आहेत, बाजेवर बसून सगळं पाहत होते. मी फेब्रुवारीतला प्रकार पुन्हा सांगितला, तोंड कसं वर उचललं ते हातानं दाखवलं. ते म्हणाले, “मंग ती उलाळ झाली.”

उलाळ. हा शब्द मी लहानपणी ऐकला होता आणि विसरलो होतो. बैलगाडीत मागे वजन जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झालं तर मानेवर दाब येतो आणि मान सुजते. म्हणून बैलगाडीचा आख साट्याच्या जवळजवळ मधोमध असतो आणि गाडीवान माल तोलून भरतो. बैलाच्या मानेवर वजन टाकायचं नाही, हा त्या सगळ्या बांधणीमागचा विचार. नानांनी १९९६ ला आख मधोमध बसवला तो बैलांसाठी, आणि अगदी योग्य बसवला. आम्ही दांडी बदलली, पत्रा बदलला, बैलांच्या जागी ट्रॅक्टर जोडला, पण आख तिथेच राहिला. ट्रॅक्टरला मान नाही. त्याच्या हुकावर थोडं वजन असलंच पाहिजे, नाहीतर चढाला माल मागे झुकला की दांडी वर उचलते आणि उताराला खाली आदळते. वर-खाली, वर-खाली, दिवसाला वीस खेपा, वर्षानुवर्षं. तार हातानं वाकवून-वाकवून तोडतो तसंच ते लोखंड थकलं होतं.

लेक पॉलिटेक्निकला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिनं वहीत चित्र काढलं. आमच्या साट्यावर एका थराला १७ क्रेट बसतात, तीन थर म्हणजे ५१, एक भरलेला क्रेट १८ किलोचा धरला तर ९१८ किलो. हुकापासून साट्याच्या मध्यापर्यंत साधारण २ मीटर ८९ सेंटिमीटर. आख मध्यापासून फूटभर, म्हणजे ३०.५ सेंटिमीटर मागे नेला तर मालापैकी हुकावर किती येईल? ९१८ गुणिले ३०.५, भागिले ३१९.५. उत्तर ८७ किलो आणि वर थोडं. दहा किलोमागं जेमतेम एक किलो. आमच्या मिनी ट्रॅक्टरच्या हुकाला ते काहीच नाही, आणि चढाला ट्रॉली उलाळ होणार नाही एवढं ते पुरेसं आहे. तिनं वही नानांना दाखवली. त्यांनी आकडे पाहिले नाहीत, चित्र पाहिलं, आखाच्या जुन्या जागेवर बोट ठेवलं, तिथून नव्या जागेवर नेलं आणि मान हलवली.

त्या दिवसापासून पुढचं काम सोपं झालं असं म्हणणार नाही, पण सरळ झालं. वजन कुठून निघतं आणि कुठे पोचतं, तेवढं पाहायचं आणि त्याच वाटेवर लोखंड ठेवायचं. नानांचं एक वाक्य भिंतीवरच्या वजनांच्या शेजारी मी खडूनं लिहून ठेवलं: “गाडीला हाडं पायजेत, चरबी नको.”

लोखंड सातपूरहून आणलं. जुन्यात चालणारं ते ठेवलं. बाजूचे दोन्ही चॅनल मधून चांगले होते, फक्त टोकं कापून नवी जोडली. मधली एकेरी दांडी काढून टाकली. तिच्या जागी ७५ चेच दोन चॅनल, कडीपाशी एकत्र येणारे आणि मागे फाकत जाणारे. ते साट्याच्या पुढच्या कडेला संपवले नाहीत, आडव्या अँगलांच्या खालून थेट आखाजवळच्या पाट्यांच्या (दणका झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या) पुढच्या ब्रॅकेटपर्यंत नेले. ट्रॅक्टरची ओढ आता कडीपासून सरळ चाकांना मिळते, मध्ये पत्र्याचा किंवा आडव्या अँगलचा संबंध येत नाही. चॅनल उभे ठेवले आहेत. फळी आडवी टाकून तिच्यावर उभे राहिलात तर लवते, तीच कडेवर उभी धरली तर हलत नाही. उंची दुप्पट झाली की ताकद चौपट होते आणि लवण आठव्या हिश्श्यावर येतं. त्यामुळे आडव्या पट्ट्यांचे थर चढवण्यापेक्षा उभी उंची मिळवणं केव्हाही स्वस्त आणि हलकं.

सांगाडा जुळवायला सगळ्यात जास्त वेळ घेतला, आणि तो घ्यावाच. शेडच्या कोब्यावर दोरी मारून मधली रेघ काढली, चार कोपऱ्यांखाली विटा ठेवून पाण्याच्या नळीनं लेव्हल केली. काटकोन पाहायला गुण्या लावला, पण एवढ्या मोठ्या चौकटीला हातातल्या गुण्यावर विसंबू नये. दोन्ही कर्ण टेपनं मोजले. ४ मिलिमीटरचा फरक होता, तो जाईपर्यंत पहार लावून सरकवलं. मग हुकाच्या मध्यापासून दोन्ही चाकांच्या जागांचं अंतर मोजलं, तेही समान पाहिजे, नाहीतर ट्रॉली खेकड्यासारखी तिरकी चालते आणि टायर खाते. आधी सगळीकडे फक्त टाके मारले. टाक्यांवर पुन्हा मोजलं. नंतर पक्कं वेल्डिंग करताना एका बाजूला दोन इंच, मग समोरच्या बाजूला दोन इंच, असं फिरत फिरत. सलग एकाच जागी मारत गेलं तर तापून चॅनल ओढला जातो आणि जुळवलेलं सगळं वाया जातं.

आमच्याकडे शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. माझ्या वाट्याला नेमका रात्रीचा आठवडा आला. कडी आणि मानेच्या जोडासाठी वेल्डिंगचे ७०१८ चे रॉड वापरायचे होते. ते रॉड हवेतली ओल पितात आणि ओल्या रॉडनं मारलेल्या वेल्डिंगशेजारी नंतर, कधी कधी काही तासांनी, बारीक तडे जातात. कारखान्यात ते भट्टीत तापवून गरम डब्यातूनच हातात यायचे. श्रावणातल्या भुरभुर पावसात शेडमध्ये भट्टी कुठून आणणार? म्हणून हवाबंद असलेलं लहान पाकीट घेतलं, मानेची सगळी तयारी आधी करून ठेवली आणि एकाच रात्री पाकीट फोडून ते सगळे जोड संपवले. उरलेल्या किरकोळ जोडांना साधा ६०१३.

पाट्यांचा विषय घरात गाजला. मूळ गाडीला पाटे नव्हते, आख सरळ साट्याला आवळलेला. प्रत्येक खड्ड्याचा दणका सांगाड्याला आणि घडांना, त्यात मणी गळतात ते वेगळंच. भंगारात एका पिकअपचे दोन चांगले पाटे मिळाले. पण पाटे घातले की साट्याची उंची वाढणार. हे मी शेजारच्या बागेत कामाला आलेल्या त्याच बायांना सहज विचारलं, तर त्या एकदम म्हणाल्या, “उंची नका वाढवू.” दिवसभरात एकेक बाई शंभराच्या वर क्रेट उचलते. कमरेच्या उंचीवर ठेवणं आणि छातीच्या उंचीवर ठेवणं यात संध्याकाळी काय फरक पडतो ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती, पण त्यांनी सांगितलं नसतं तर मी चार-पाच इंच वाढवून मोकळा झालो असतो. शेवटी पाटे आखाच्या वरून न घेता खालून घेतले, यू-बोल्टनं आवळले. उंची जेमतेम एका इंचानं वाढली. पाट्यांना वेल्डिंगचा स्पर्शही होऊ दिला नाही. ते कडक पोलाद आहे, त्यावर नुसता टाका मारला तरी ती जागा काचेसारखी ठिसूळ होते.

हबची बेअरिंग नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या स्पेअरपार्टच्या दुकानातून नवी घेतली. ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंग त्यात दाबत दाबत भरलं, नट चाक जड फिरेपर्यंत आवळला, मग पिनेच्या पुढच्या खाचेपर्यंत मागे सोडला आणि कोतर पिन घातली. ग्रीस भरायचं काम नानांनी मागून घेतलं. ते त्याला वंगणच म्हणतात.

साट्याला आता एकच चेकर प्लेट, ३ मिलिमीटरची, पण तीन तुकड्यांत आणि बोल्टनं बसवलेली. एक तुकडा खराब झाला तर तेवढाच बदलायचा, वर दुसरा पत्रा घालायची वेळ यायला नको. अँगल आणि पत्रा यांच्या मध्ये रबराची पट्टी. ज्या चॅनलमध्ये पाणी साचू शकतं तिथे खालून भोकं. बोर्डोच्या ड्रमसाठी पुढच्या कोपऱ्यात एक जाड प्लास्टिकचा ट्रे, त्याला बूच, आणि त्यातलं पाणी ट्रॉलीच्या बाहेर सोडणारी नळी. दोन हात रेड ऑक्साइड, वर निळा रंग, मागे लाल रिफ्लेक्टर, कारण शेडकडे येताना गावचा रस्ता ओलांडावा लागतो. दांडीपासून ट्रॅक्टरपर्यंत एक साखळी. पिन गेली, मान गेली, तरी ट्रॉली सुटून मागे जाता कामा नये. ही साखळी मला या सगळ्या कामात सर्वांत महत्त्वाची वाटते.

नवे तुकडे बसवण्याआधी पुन्हा काट्यावर ठेवले होते. बेरीज ४०९ किलो. पाटे धरून १०५ किलोनं हलकी. जवळपास सहा भरलेले क्रेट आम्ही प्रत्येक खेपेला उगाच ओढत होतो. एकूण खर्च २८ हजारांच्या आसपास गेला, मजुरी माझी आणि लेकीची.

खंडेनवमीला मशीन, ग्राइंडर, हातोड्या यांच्याबरोबर ट्रॉलीचीही पूजा केली, पण त्याच्या आदल्या दिवशी तिची परीक्षा घेतली. कडीखाली काटा ठेवला. रिकामी असताना ४८ किलो. मग खताच्या ५० किलोच्या १८ गोण्या साट्यावर सारख्या पसरून रचल्या. काट्यावर १३४. म्हणजे मालाचे ८६, आणि ९०० किलोला लेकीच्या गणितानं उत्तर येत होतं ८६. ती वही घेऊन नाचलीच. मग त्याच गोण्यांसह चारीच्या चढाला नेली. मी ट्रॅक्टर न चालवता बाजूनं चालत होतो, डोळे कडीवर. मोरी गेली, चढ लागला, पाटे दबले, कडी पिनेवर बसलेली ती बसलेलीच. चढावर मधेच थांबवायला सांगितलं, पुन्हा सोडायला सांगितलं. उचलली नाही.

ऑक्टोबर छाटणीच्या काड्या, शेणखत, आणि पहिली फवारणी एवढं काम तिनं आतापर्यंत केलंय. महिना झाल्यावर परवा मी तिच्याखाली शिरलो. मान पुसून डिझेल चोळलं, २० मिनिटांनी पुसून खडू फिरवला आणि बल्ब घेऊन बसलो. रेघ उमटली नाही. यू-बोल्टच्या नटांनी मात्र प्रत्येकी पाव फेरा घेतला. नव्यानं घातलेले पाटे बसताना तेवढं होतंच. आता काढणीच्या आधी एकदा आणि काढणी चालू असताना दर पंधरा दिवसांनी पाना लावायचा, हे शेडच्या भिंतीवर वजनांच्या खाली लिहून ठेवलंय.